अचानक येणारे पूर आणि मदतकार्याची जुळणी

सन २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत १७ तारखेच्या रात्रीं नांदेड जिल्ह्यांतील मुखेड तालुक्यांत जो पाऊस झाला, त्याची हकीकत आपल्या बहुतेक वाचकांच्या स्मरणांत असेल. लेंडी प्रकल्पाच्या परिसरांत सुमारें २०६ मिलिमीटर पाऊस पडल्याचें मुख्यमंत्र्यांनीं दुसऱ्या दिवशीं जाहीर केलें. त्यांतच लातूर जिल्ह्यांतून, उदगिराकडून आणि कर्नाटकांतून पाण्याचे लोंढे आले, आणि रावणगांव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली या गांवांस पाण्यानें वेढा घातला. एकट्या रावणगांवांत सवादोनशें माणसें अडकून पडलीं होतीं. हसनाळ येथें मनुष्यहानि झाली, आणि गुरांढोरांची हानि तर ठिकठिकाणीं झाली. पुढें ऑगस्टच्या अखेरीस व पुन्हां सप्टेंबरच्या उत्तरार्धांत अतिवृष्टि होऊन मांजरा, तेरणा व गोदावरी यांच्या काठचीं उभीं सोयाबीनें पाण्याखालीं गेलीं. ज्या लातुरास सन २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, त्याच लातुराच्या भोंवतालीं नऊ वर्षांनीं लोकांना होड्यांतून काढण्याची वेळ आली.

मुखेडच्या प्रसंगीं राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाची तुकडी, सैन्याचें पथक व पोलीस यांनीं बचावाचें काम केलें. छत्रपति संभाजीनगराहून सैन्याची आणखी एक तुकडी निघाली. परंतु आपण शेतकऱ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट निराळी आहे. ती ही कीं, त्या दिवशीं नांदेड, लातूर व बिदर या तिन्ही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी एकमेकांशीं संपर्क ठेवून काम करीत होते. पाणी तीन जिल्ह्यांचें व दोन राज्यांचें, म्हणून कामहि तिघांनीं मिळूनच करावें लागलें. जी गोष्ट जिल्ह्याच्या पातळीवर अवश्य ठरली, तीच गांवाच्या पातळीवर अधिक अवश्य आहे. आणि तेथेंच ती बहुधा होत नाहीं.

पुराच्या प्रसंगीं मदतीचा अभाव असतो असा सर्वसाधारण समज आहे. थोडा विचार केला तर असें दिसेल कीं, पहिल्या आठवड्यानंतर तूट असते ती मदतीची नव्हे, तर मदतीच्या व्यवस्थेची. हमरस्त्यावरील गांवीं धान्याच्या गाड्या एकामागून एक येतात आणि ओढ्यापलीकडील वाडीवर एकहि जात नाहीं. लोकांस वैरण हवी असते तेव्हां कपडे येतात, आणि बियाणें हवें असतें तेव्हां शिजविलेलें अन्न येतें. यांत देणाऱ्याचा दोष थोडा; त्यास कोणीं नीट कांहीं सांगितलेलेंच नसतें. तें सांगण्याचें काम गांवाचें आहे, व गांवांत तें जमीनधारक, लिहितां-वाचतां येणाऱ्या शेतकऱ्याचें आहे. तें कसें करावें याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

पाण्याची वाट

प्रथम पाणी कोठून येतें तें पाहूं. मांजरा नदी बीड जिल्ह्यांतील पाटोदा तालुक्यांत उगम पावते, लातूर जिल्ह्यांतून वाहत तेरणेचें पाणी घेते, कर्नाटक व तेलंगण यांतून वळसा घेते आणि नांदेड जिल्ह्याच्या सीमेवरून जाऊन गोदावरीस मिळते. लेंडी व मन्याड या तिच्याच उपनद्या होत. म्हणजे उदगिरास पडलेल्या पावसाचा हिशेब मुखेडास द्यावा लागतो. गोदावरीचेंहि तसेंच. पैठणचें जायकवाडी धरण आणि पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर हीं धरणें भरून पाणी सोडूं लागलीं कीं तें नांदेडजवळील विष्णुपुरीस येतें. पुढें तेलंगणांतील श्रीरामसागराचा फुगवटा आहे. त्याचा जाच धर्माबाद व बिलोली या बाजूंस होतो. बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे दरवर्षीं १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे ठेवावेत असा सर्वोच्च न्यायालयाचा सन २०१३ चा निर्णय आहे, आणि ते दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांसमक्ष उघडले जातात. पाण्याच्या बाबतींत शेजाऱ्याशीं ठरवून वागावें लागतें, याचें हें चांगलें उदाहरण होय.

आतां पावसाचें मान पाहूं. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी होतें. २०६ मिलिमीटर म्हणजे दर हेक्टरीं वीस लाख साठ हजार लिटर. आपली काळी जमीन जून महिन्यांत भेगाळलेली असते तेव्हां पुष्कळ पाणी पिते. परंतु ऑगस्टांत ती तृप्त होऊन भेगा मिटलेल्या असतात, आणि खालीं काळा खडक. मग पडलेलें पाणी जवळजवळ सर्वच ओढ्यास लागतें. म्हणूनच असा पूर मोठ्या नदीच्या पुराप्रमाणें दिवसां-दोन दिवसांत चढत नाहीं. तो तीन-चार तासांत येतो, पुष्कळदां रात्रीं येतो, आणि ज्या गांवीं पाऊस थोडाच झाला असेल तेथेंहि येतो.

यावरून पहिला नियम निघतो. वरच्या गांवाचा पाऊस हीच खालच्या गांवाची सूचना. शासनाचा इशारा जिल्ह्यास येतो, तेथून तालुक्यास व तेथून गांवास. रात्रींच्या वेळीं ही सांखळी कोठें तरी तुटण्याचें भय असतें. आपल्या संघाचे सभासद उदगीर, देवणी, जळकोट, मुखेड, देगलूर, बिलोली अशा सर्व तालुक्यांत आहेत. एकाच ओढ्यावरील वरच्या व खालच्या गांवच्या दोन-दोन सभासदांनीं एकमेकांचे मोबाईल क्रमांक घेऊन ठेवावेत, आणि वरच्या माणसानें आपल्या पुलावरून पाणी गेलें कीं मध्यरात्र असली तरी खालच्यास उठवावें. यास खर्च कांहीं नाहीं. खालच्या गांवास दोन तास मिळाले तर म्हाताऱ्या माणसांस उंचवट्यावर नेतां येतें व गुरांचीं दावीं सोडतां येतात.

कोणाचें काम कोणतें

सन २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्याप्रमाणें प्रत्येक जिल्ह्यांत एक प्राधिकरण असतें. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष व जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. पोलीस अधीक्षक, मुख्य कार्यकारी अधिकारी व आरोग्याधिकारी हे त्यांत असतात. तालुक्यांत तहसीलदार, व गांवीं तलाठी, ग्रामसेवक, कृषि सहायक, पोलीस पाटील व कोतवाल हे त्या यंत्रणेचे हातपाय. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा दूरध्वनि क्रमांक १०७७, तातडीच्या मदतीचा ११२ आणि जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा १९६२ आहे. हे तीन आंकडे चावडीच्या भिंतीवर रंगानें लिहून ठेवावेत.

महाराष्ट्राकरितां राष्ट्रीय दलाची पलटण पुण्याजवळ आहे. पावसाळ्यांत कांहीं तुकड्या जिल्ह्यांच्या ठिकाणीं आणून ठेवतात; तरीहि जिल्ह्याच्या ठिकाणाहून आडगांवीं येण्यास, त्यांतून रस्ते पाण्याखालीं असतां, कित्येक तास जातात. तेवढे तास गांवानें स्वतःच्या बळावर काढावयाचे असतात. आणि ती तुकडी आली म्हणजे तिचा पहिला प्रश्न असा असतो कीं, कोणत्या घरांत किती माणसें आहेत, त्यांत चालतां न येणारीं किती, आणि पाणी कोणत्या बाजूनें ओढ धरतें? याचें उत्तर ज्या गांवापाशीं लिहून ठेवलेलें आहे, तेथें होडी थेट त्या घराकडे जाते. जेथें नाहीं, तेथें ओरडणाऱ्याकडे आधीं जाते, आणि जो ओरडूं शकत नाहीं तो मागें राहतो.

होडीविषयीं एक सावधगिरीची सूचना. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं सांगली जिल्ह्यांत ब्रह्मनाळ येथें पूरग्रस्तांस नेणारी होडी उलटून १७ माणसें दगावलीं. तींत तिच्या शक्तीहून जास्त माणसें बसलीं होतीं. भय पाठीशीं असलें म्हणजे कोणासहि मागें राहावेंसें वाटत नाहीं, हें खरें. म्हणूनच होडींत किती जणांनीं व कोणत्या क्रमानें बसावयाचें हें काठावर उभें राहून सांगणारा, गांवानें आधींच नेमलेला, शब्दास मान असलेला मनुष्य पाहिजे. आजारी माणसें, गरोदर व बाळंतीण स्त्रिया, मुलें आणि वृद्ध हीं प्रथम. सामानसुमान मुळींच नाहीं.

एक दार, एक वही

पाणी ओसरल्यावर दुसऱ्या दिवसापासून मदत येऊं लागते. येथेंच व्यवस्थेची खरी परीक्षा असते. आपल्याच भागाचा अनुभव घेऊं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला व लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारों माणसें मृत्युमुखीं पडलीं. देशाच्या सर्व भागांतून व परदेशांतूनहि मदत आली. पुढें जागतिक बँकेच्या साहाय्यानें पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला आणि ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. त्या कामांत घरांच्या दुरुस्तीच्या भागास गांवोगांवच्या स्त्रियांस ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यांत आलें, व त्यांच्या तयारीचें काम स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनें केलें. शासनाचें म्हणणें घरोघरीं व घरचें म्हणणें शासनाकडे नेणारा मनुष्य गांवांतलाच असावा, हा त्याचा अर्थ. त्याच अनुभवांतून जिल्ह्या-जिल्ह्याचे आपत्तिनिवारणाचे आराखडे करण्याची चाल महाराष्ट्रांत पडली.

दुसरें उदाहरण दूरचें आहे. सन २००४ च्या डिसेंबरांत समुद्राची प्रचंड लाट तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळली. नागपट्टणम् जिल्ह्यांत मदतीस शेंकडों संस्था धांवल्या व एकमेकींच्या पायांत येऊं लागल्या. तेव्हां जिल्हाधिकारी कचेरीच्या आश्रयानें संस्थांचें एक समन्वय केंद्र उघडण्यांत आलें. येणाऱ्या प्रत्येक संस्थेनें तेथें नोंद करावी, कोणत्या गांवीं काय पोंचलें व काय उणें आहे तें पाहावें, आणि मग गाडी हाकावी, अशी रीत पडली. त्यायोगें एकाच गांवीं तेंच तेंच जाण्यास आळा बसला.

आपल्या गांवीं एवढें मोठें केंद्र नको. एक दार व एक वही पुरे. शाळा अगर मंदिर यांपैकीं उंचावरची एक जागा ठरवावी. बाहेरून येणारें सर्व सामान तेथेंच उतरावें. वाटेंत गाडी अडवून वांटप करूं देऊं नये. वहींत येणें व जाणें लिहावें आणि रोज सायंकाळीं तें मोठ्यानें वाचून दाखवावें. वही सांभाळणारीं माणसें तीन असावींत, व त्यांत एक स्त्री आणि एक भूमिहीन वस्तीवरील असावा. मोठ्यानें वाचण्यानें कुजबूज थांबते. कुजबुजीनेंच गांवें फुटतात.

मागणी करतांनाहि आंकडा सांगून करावी. ‘मदत पाठवा’ असें कळविणें म्हणजे देणाऱ्यास कोड्यांत टाकणें होय. उदाहरणार्थ, एका गांवांत ६०० माणसें शाळेंत आश्रयास आहेत व मोठीं जनावरें ४०० आहेत असें धरूं. आंतरराष्ट्रीय मदतकार्यांत दर माणशीं दर दिवशीं सर्व मिळून १५ लिटर पाणी हें मान धरतात. म्हणजे ९,००० लिटर. धान्य माणशीं ४०० ग्रॅम, डाळ ६० ग्रॅम व तेल २५ ग्रॅम धरल्यास रोज २४० किलो धान्य, ३६ किलो डाळ व १५ किलो तेल लागतें. जनावरास नुसतें जगविण्यापुरता सहा किलो वाळला चारा धरल्यास रोज २,४०० किलो चारा लागतो. आतां वाचकांनींच तोलून पाहावें. माणसांच्या अन्नाहून जनावरांच्या वैरणीचें वजन आठपटींहून अधिक भरतें, आणि बाहेरून येणाऱ्या गाड्यांत वैरण क्वचितच असते! शहरांतील दात्यास तें सुचत नाहीं हें साहजिक आहे. पुराबाहेरच्या गांवांतील सभासदांनींच कडबा व सोयाबीनचें भुसकट आपल्या ट्रॅक्टरांतून पाठवावें. त्याइतकी उपयुक्त देणगी दुसरी नाहीं.

शिजविलेल्या अन्नाविषयींहि हेंच. नांदेडास लंगराची थोर परंपरा आहे, व मोठ्या संख्येस वेळेवर जेवण देण्याची शिस्त तेथें पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अशा कोणत्याहि अन्नछत्रास संख्या, वेळ व रस्ता हीं तीन आदल्या दिवशीं कळविलीं तर अन्न वायां जात नाहीं व शिळें पोंचत नाहीं. चार दिवसांनंतर मात्र चुली पेटतील अशी तजवीज करून शिधाच मागावा. घरची चूल पेटली म्हणजे माणसास धीर येतो.

विहीर आणि जनावरें

पुरानंतरचा शत्रु म्हणजे दूषित पाणी. पुराचें पाणी ज्या विहिरींत शिरलें, तिचें पाणी स्वच्छ दिसलें तरी पिऊं नये. प्रथम पंपानें शक्य तितका गढूळ उपसा करावा. मग विहिरींतील पाण्याचें माप काढावें: व्यासाचा वर्ग, गुणिलें पाण्याची खोली, गुणिलें ०.७८५, सर्व मापें मीटरांत घेतलीं कीं उत्तर घनमीटरांत येतें व एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. सहा मीटर व्यासाच्या विहिरींत चार मीटर पाणी असलें तर तें सुमारें ११३ घनमीटर होतें. एरवीं हजार लिटरांस अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरते; पुरानंतर दुप्पट, म्हणजे पांच ग्रॅम, घालावी. या विहिरीस सुमारें ५६५ ग्रॅम लागेल. पावडर बादलींत कालवून चुना खालीं बसूं द्यावा, वरची निवळ दुसऱ्या बादलींत घेऊन ती दोरानें विहिरींत सोडून पाण्यांत खालींवर हालवावी. हें रात्रीं करून सकाळीं पाणी भरावें. पावडरीचा डबा कोरड्या जागीं घट्ट झांकून ठेवावा. दमट हवेनें तिचा गुण जातो. विहीर शुद्ध होईपर्यंत टँकरचेंच अगर उकळलेलें पाणी प्यावें.

मेलेलीं जनावरें ओढ्यांत लोटून देण्याची चूक कोणीं करूं नये. तीं खालच्या गांवच्या विहिरीस जातात. विहिरीपासून दूर खोल खड्डा घेऊन, चुना घालून पुरावीं. परंतु त्यापूर्वीं पशुवैद्यक अधिकारी अगर तलाठी यांजकडून नोंद करून घ्यावी, आणि कानांतील बारा आंकडी बिल्ला दिसेल असें छायाचित्र काढावें. पुष्कळांची भरपाई केवळ या एका कारणानें अडते. जिवंत जनावरांस घटसर्प व फऱ्या यांचें भय असतें. यांच्या लसी पावसाळ्यापूर्वींच टोंचावयाच्या असतात; पूर आल्यावर धांवाधांव करून तिचा पुरता लाभ मिळत नाहीं. भिजून बुरशी आलेली वैरण फेंकून देण्यास जीव होत नाहीं, पण ती घालूं नये.

पंचनामा

आतां शासनाच्या मदतीविषयीं. महसूल मंडळांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला तर ती अतिवृष्टि समजतात. आणि पिकाचें नुकसान ३३ टक्के वा अधिक असेल तर मदत देय होते. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. आपल्या मंडळाच्या पर्जन्यमापकांत पाऊस थोडा दिसत असेल आणि पीक वरून आलेल्या पुरानें गेलें असेल, तर पंचनाम्यांत ‘पुराच्या पाण्यानें’ असें कारण स्पष्ट लिहवून घ्यावें. कारणाचा रकाना मोघम राहिला तर पुढें तक्रार ऐकण्यास कोणी नसतें.

सन २०२२ ते २०२६ या मुदतीसाठीं ठरलेल्या मानाप्रमाणें दुभत्या मोठ्या जनावरास ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलास ३२,००० रुपये व शेळीमेंढीस ४,००० रुपये, तसेंच घर वाहून गेलें असतां भांड्यांस व कपड्यांस प्रत्येकीं २,५०० रुपये असे आंकडे होते. सन २०२५ च्या पुरांनंतर ७ ऑक्टोबर रोजीं राज्य शासनानें ३१,६२८ कोटि रुपयांची मदत जाहीर केली. तींत पिकांसाठीं हेक्टरीं कोरडवाहूस ८,५०० रुपये, बागाइतास १७,००० रुपये व बहुवार्षिक पिकांस २२,५०० रुपये हें मान तीन हेक्टरांपर्यंत धरून, शिवाय रब्बीच्या बियाण्याकरितां हेक्टरीं १०,००० रुपये ठरविले. खरवडून गेलेल्या जमिनीस हेक्टरीं ४७,००० रुपये रोख व रोजगार हमींतून तीन लाखांपर्यंत काम, आणि गाळानें भरलेल्या विहिरीस ३०,००० रुपये, असेंहि त्यांत होतें. हीं मानें वेळोवेळीं बदलतात, म्हणून त्या त्या वर्षाचा निर्णय पाहावा; परंतु कशाकशाची नोंद घ्यावयाची याची ही यादीच समजावी. पीकविमा ही स्वतंत्र बाब आहे. पंचनामा झाला म्हणजे विम्याचें काम झालें असें समजूं नये.

गांवानें पंचनाम्याच्या वेळीं शिवाराचे भाग पाडून प्रत्येक भागास दोन जाणते सभासद द्यावेत. त्यांनीं तलाठी व कृषि सहायक यांजबरोबर बांधोबांध फिरावें. शेतकरी ओळख क्रमांक, बँकेचें खातें व वारसाची नोंद हीं आधीं दुरुस्त करून ठेवावींत. मयताच्या नांवें जमीन राहिली असेल तर त्याच्या विधवेस मदत मिळण्यास महिनेच्या महिने लागतात. फेरफार हा पुरापूर्वींच उरकण्याचा विषय आहे.

ज्यांच्या नांवें सातबारा नाहीं

येथें आपल्या वाचकांस, कांहींसें कटु वाटलें तरी, एक सांगणें प्राप्त आहे. वरील बहुतेक मानें जमिनीच्या हिशेबानें आहेत. जमीन वाहिली तर तिचा मालक कागदावर दिसतो. परंतु सोयाबीन बुडालें म्हणजे काढणीच्या वेळची ज्याची मजुरी बुडाली, तो मजूर कोणत्याहि रकान्यांत दिसत नाहीं. बटाईनें शेत करणाऱ्याचें बी व खत जातें, आणि मदत मूळ मालकाच्या खात्यावर येते. ओढ्याकाठच्या सखल जागेंत घरें बहुधा याच लोकांचीं असतात. म्हणजे पाणी प्रथम त्यांच्याकडे येतें व मदत सर्वांच्या शेवटीं.

आमचें म्हणणें असें कीं, वहींतील पहिलीं पानें या घरांचीं असावींत. शिधावांटपांत त्यांचा क्रम पहिला असावा. बटाईदाराशीं मालकानें आलेल्या मदतीची वांटणी पंचांसमक्ष करावी. आणि बांध घालणें, गाळ उपसणें, वाटा मोकळ्या करणें हीं कामें गांवच्या मजुरांसच मिळतील असें पाहावें. हा परोपकाराचा प्रश्न आहेच. परंतु व्यवहाराचाहि आहे. दिवाळीपूर्वीं मजूर गांव सोडून ऊसतोडीस अगर शहरास गेला, तर रब्बीची पेरणी कोणाच्या हातानें होणार?

जमीन व बियाणें

पुराच्या मदतीचा शेवटचा, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनें सर्वांत मोठा, भाग म्हणजे पुढील पीक. शेतांत सांचलेलें पाणी चर काढून घालवावें, मात्र तें शेजाऱ्याच्या उभ्या पिकांत सोडूं नये. काळ्या जमिनींत वाफसा आल्यावांचून औत अगर ट्रॅक्टर घालूं नये. ओल्या जमिनीची जी घट्ट ढेकळें होतात, तीं पुढें वर्षभर फुटत नाहींत. बारीक पोयट्याचा पातळ थर बसला असेल तर तो जमिनींत मिसळून घ्यावा. वाळू व गोटे आले असतील तर ते काढणेंच भाग आहे.

पाण्यांत सांपडलेलें सोयाबीन विक्रीस चालेल, पण बियाण्यास ठेवूं नये. ठेवावयाचेंच असेल तर ओल्या गोणपाटांत शंभर दाणे ठेवून पाहावें; सत्तरांहून कमी उगवले तर तें बी नव्हे. रब्बीस हरभऱ्याचें बियाणें हेक्टरीं सुमारें ७० किलो लागतें. शंभर हेक्टर क्षेत्र पेरावयाचें तर ७० क्विंटल. हा आंकडा ऑक्टोबरांत सुचून उपयोग नाहीं, कारण त्याच आठवड्यांत सर्व तालुके तेंच मागतात व भाव चढतो. पुराबाहेरच्या शाखांनीं आपल्याकडील हरभरा, करडई व ज्वारी यांचें किती बियाणें उसनवार देतां येईल याची यादी सप्टेंबरअखेर संघाकडे द्यावी. घेणाऱ्यानें पीक आल्यावर तितकेंच बी परत करावें, व्याज नको. पैशाची मदत शासन करील. वेळेवर बी हें शेतकऱ्यानेंच शेतकऱ्यास द्यावयाचें आहे.

पावसाळ्यापूर्वीं

वरील सर्व गोष्टी पूर आल्यावर सुरू करतां येत नाहींत. म्हणून दरवर्षीं मे महिन्यांत गांवानें एक दिवस बसून पुढील नोंदी कराव्यात: घरोघरचीं माणसें व त्यांतील असहाय कोण, उंचावरचा आसरा व तेथवर जाण्याची रात्रीं चालण्याजोगी वाट, पोहणारे तरुण, जाड दोर, ट्रॅक्टरच्या हवा भरलेल्या नळ्या, बॅटऱ्या, विहिरींचीं मापें व ब्लीचिंग पावडर, जनावरांची संख्या व लसीकरण, वरच्या व खालच्या गांवचे दूरध्वनि, वीज बंद करण्यास कोणास सांगावयाचें त्याचें नांव. या वहीची एक प्रत तहसिलींत, एक पोलीस पाटलाकडे व एक गांवाबाहेरच्या सभासदाकडे असावी, कारण जी वही पुरांत वाहून जाते तिचा उपयोग नाहीं.

हसनाळ व रावणगांव हीं लेंडी प्रकल्पाच्या बुडित क्षेत्रांतील गांवें. त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मोठा आहे व तो शासनाच्या पातळीवरच सुटावयाचा आहे. कोणत्याहि वहीनें तो सुटणार नाहीं. परंतु ज्या रात्रीं पाणी येतें त्या रात्रीं मोठे प्रश्न दूर असतात, आणि जवळ असतो तो शेजारी. त्यास कोणास उठवावयाचें, कोणास उचलावयाचें व कोठें न्यावयाचें हें ठाऊक असलें, तर हानि कमी होते. आपल्या प्रत्येक शाखेनें येत्या पावसाळ्यापूर्वीं ही वही तयार करून तसें संघास कळवावें, अशी आमची सर्व सभासदांस आग्रहाची विनंति आहे.